सात दिवसांचा कोर्स: बाटलीवरच्या खुणेपासून शेवटच्या डोसापर्यंत

बारा किलो वजनाचं मूल. दोन दिवस ताप, रात्रभर कान धरून रडणं. डॉक्टरांनी कानात बघितलं, पडदा लाल आणि फुगलेला दिसला, आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिक लिहिलं: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड २२८.५, ६ मिली, बीडी (दिवसातून दोनदा), ७ दिवस. ही चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर येते तिथपासून पुढचं सगळं आम्हा फार्मासिस्टांच्या नजरेसमोर घडतं, आणि जे घरी घडतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी प्रश्न होऊन परत काउंटरवर येतं. "औषध दोन दिवसांत संपलं", "पिवळं पडलंय, चालेल का?", "ताप गेला, आता बंद करू?" औषध बरोबर दिलेलं असतं, दुखणंही तेच असतं, तरी कोर्स फसतो. म्हणून हा एक कोर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतो आहे.

आधी तो आकडा. २२८.५ म्हणजे ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. याच औषधाची दुसरी बाटली ४५७ ची येते, तिच्यात ५ मिलीमध्ये ४०० आणि ५७. खोक्याचा रंग, बाटलीचा आकार, ३० मिलीचं माप, सगळं सारखं. फरक फक्त नावापुढच्या 'डीएस' किंवा 'फोर्ट' अशा दोन अक्षरांचा. डॉक्टरांनी दिवसाला किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या हिशोबाने डोस काढला असेल, तर बारा किलोला ४८० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी २४०. २२८.५ च्या बाटलीतून ते ६ मिली होतात, ४५७ च्या बाटलीतून ३ मिली. दुकानात एक नव्हती म्हणून दुसरी दिली आणि ६ मिलीच पाजत राहिलं, तर मुलाला दुप्पट औषध जातं. उलट बाजूने झालं तर निम्मंच. त्यामुळे बाटली बदलून मिळाली की मिली बदलायचे का, हे तिथल्या तिथे विचारायचं आणि नवा आकडा खोक्यावर लिहून घ्यायचा. मुलाचं वजन आजचं सांगायचं. सहा महिन्यांपूर्वीच्या लसीकरणाच्या कार्डावरचं वजन चालत नाही.

डॉक्टरांकडून उठण्याआधी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, ॲलर्जी. "पेनिसिलिन चालत नाही" हे पुष्कळांना माहीत असतं, पण अमॉक्सिसिलिन हे त्याच घरातलं औषध आहे हे ठाऊक नसतं. ब्रँडच्या नावातून ते कळेलच असं नाही, म्हणून पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचायचं. पूर्वी कधी औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, धाप लागली असेल, तर औषधाचं नाव आणि काय झालं होतं, दोन्ही सांगा. नुसते जुलाब किंवा मळमळ झाली असेल तर ती ॲलर्जी नसते, तो त्रास असतो. हा फरक केला नाही तर पुढे आयुष्यभर चांगलं, साधं औषध विनाकारण वर्ज्य होऊन बसतं. दुसरी गोष्ट, चालू असलेली औषधं. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉल, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, मधुमेहाच्या गोळ्या, किडनीचा आजार, गरोदरपण. ही माहिती डॉक्टर विचारतील म्हणून थांबायचं नाही, आपणहून सांगायची.

आता काउंटर. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या रेघेचा प्रचार सुरू केला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. त्याआधी १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही कडक नोंदीच्या औषधांची यादी लागू झाली. सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन अशी औषधं तिच्यात आहेत. ती देताना दुकानदाराला डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वहीत नोंदवावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. तेव्हा कोणी नाव विचारलं तर तो नसती चौकशी करत नाही, हे लक्षात असू द्या.

गोळ्या सुट्या घेताना एक गोष्ट हमखास राहते. पट्टी कात्रीने कापून दिली की बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. आपल्या हातात येतात नाव अर्धवट दिसणाऱ्या सहा गोळ्या. अशा वेळी दुकानातच आख्ख्या पट्टीचा फोटो काढून घ्यावा. आणि घेताना कोर्सच्या पुऱ्या गोळ्या घ्याव्यात. "आधी दोन दिवसांच्या द्या, फरक पडला तर बघू" असं म्हणून नेणाऱ्यांपैकी फार थोडे उरलेल्या न्यायला येतात, हा आमचा अनुभव आहे. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. तेच औषध स्वस्त जेनेरिकमध्ये मिळू शकतं.

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या गोळ्यांचं आणखी एक आहे. हे औषध हवेतल्या ओलाव्याने खराब होतं, म्हणूनच त्या गोळ्या दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या जाड पाकिटात येतात. आजी-आजोबांसाठी आठवड्याच्या डबीत सोमवार-मंगळवार करून गोळ्या भरून ठेवायची पद्धत चांगली, पण या गोळ्या त्यात काढून ठेवायच्या नाहीत. पावसाळ्यात तर नाहीच. ज्या वेळी घ्यायची त्या वेळीच पाकीट फोडायचं. आणि ६२५ ची गोळी नाही म्हणून ३७५ च्या दोन, असा हिशोब घरी करायचा नाही. ६२५ मध्ये ५०० आणि १२५ असतात, ३७५ मध्ये २५० आणि १२५. दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन बरोबर होतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट होतं आणि पोट बिघडतं.

बाटलीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ड्राय सिरपच्या बाटलीत तळाशी कोरडी पावडर असते आणि काचेवर किंवा लेबलावर एक आडवी खूण असते. सोबत कधी निर्जंतुक पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी मिळते. ती असेल तर तीच वापरायची. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्यायचं. कोमट पाणी नको, उष्णतेने औषध लवकर नासतं.

पाणी घालण्याआधी बाटली उलटी करून तळहातावर दोन-चार वेळा थापटायची. प्रवासात आणि गोदामात पावडर तळाला घट्ट बसलेली असते. ती मोकळी झाली नाही तर पाणी घातल्यावर तळाला पांढरा गोळा धरून राहते, आणि पहिल्या दिवशीचे डोस पाणचट तर शेवटचे दाट होतात. पावडर सळसळायला लागली की पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं. आता वर फेस येतो. इथेच घाई होते: फेसाची वरची कड खुणेला टेकली की लोक थांबतात. फेस बसला की औषध खुणेच्या बोटभर खाली गेलेलं असतं. म्हणजे पाणी कमी पडलं, औषध जास्त दाट झालं आणि बाटलीतल्या ३० मिलीतले चार-पाच मिली गायब झाले. दोन मिनिटं बाटली ओट्यावर ठेवा, फेस खाली बसू द्या, मग डोळ्यांच्या रेषेत धरून खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. खुणेच्या वर गेलं तर आणखी वाईट, कारण घातलेलं पाणी परत काढता येत नाही. हे सगळं जमेल असं वाटत नसेल तर दुकानात सांगा. आम्ही तिथेच कालवून देतो, त्यात संकोच कसला?

कालवल्याची तारीख आणि वेळ पेनाने लेबलावर लिहायची. हे औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवून सात दिवसच चालतं. फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे दर वेळी गरम हवा लागते. बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नको. आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा. पांढरट औषध पिवळं-तपकिरी व्हायला लागलं तर ते उतरलंय असं समजायचं. घरात फ्रीज नसेल किंवा आठ-आठ तास वीज जात असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. माठाच्या गारव्याने हे काम होत नाही. याच औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, ती दर डोसाला चमचाभर पाण्यात विरघळवून देता येते आणि फ्रीजची गरजच उरत नाही.

किती बाटल्या लागतील हाही हिशोब आधीच करावा. ६ मिली दोनदा, सात दिवस, म्हणजे ८४ मिली. ३० मिलीच्या तीन बाटल्या. तिन्ही एकदम कालवून ठेवायच्या नाहीत. पहिली अडीच दिवस पुरते, ती संपली की दुसरी कालवायची. कोरडी पावडर खोक्यावर लिहिलेल्या तापमानाला टिकते, तिला घाई नसते.

माप घरातल्या चमच्याने कधीच नको. पोह्यांचा चमचा, चहाचा चमचा, लोणच्याच्या बरणीतला चमचा, प्रत्येकाचं पोट वेगळं. ५ मिलीच्या जागी तीनही जातात आणि सातही. सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते, तिच्याइतकं खरं माप दुसरं नाही. दर वेळी बाटली आधी हलवायची, कारण हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. सिरिंज मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूला धरायची आणि थोडं थोडं सोडायचं. जिभेच्या मागे सरळ पिचकारी मारली की ठसका लागतो, मूल ओकतं आणि सगळ्यांचाच धीर जातो. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नये. मुलाने अर्धं दूध टाकलं तर अर्धं औषधही गेलं, आणि नेमकं किती गेलं ते कोणालाच सांगता येत नाही.

औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर काय? बाहेर औषध तसंच पांढरं दिसत असेल आणि अर्धा तासही झाला नसेल, तर डॉक्टरांना फोन करून डोस परत द्यायचा का ते विचारा. तासाभराने उलटी झाली तर बहुतेक औषध पुढे गेलेलं असतं, पुन्हा द्यायची गरज पडत नाही. दर डोसाला उलटी होत असेल तर मात्र औषध बदलावं लागतं.

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, आणि दोनदा म्हणजे बारा तासांनी. सकाळी आठ, रात्री आठ. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं असतं, ते वाचून सकाळी अकराला उशिरा न्याहारीनंतर आणि संध्याकाळी सातला असे डोस दिले तर दिवसा आठ तासांचं अंतर पडतं आणि रात्री सोळा तासांचं. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं रक्तात ठरावीक पातळी ठराविक वेळ टिकली तरच जंतू मारतात, म्हणून अंतर सारखं हवं. टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, असेल तर सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा हे सोयीचं पडतं. डोस विसरला तर आठवताक्षणी द्या, पण पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. दोन डोस एकदम कधीच नाही. हे औषध जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर दिलं की पोटाला कमी लागतं आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडही नीट शोषलं जातं. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी हेही खाणंच. रोजे चालू असतील तर आठ-आठ तासांचं वेळापत्रक बसत नाही, ते डॉक्टरांना सांगितलं तर दोनदा किंवा एकदा घ्यायचं औषध निवडता येतं.

"पथ्य काय?" हा प्रश्न काउंटरवर सगळ्यात जास्त येतो, आणि त्याच्या मागोमाग येतं, "हे औषध उष्ण पडतं ना, ताक-दही दिलं तर चालेल?" या मुलाच्या औषधाला दह्याने काही बाधा नाही. पण याच चिठ्ठीच्या जागी मोठ्या माणसाची सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरं अँटिबायोटिक असतं, तर उत्तर उलटं. दूध, दही, ताक, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषध, झिंक असलेली बी-कॉम्प्लेक्स, यांतलं काहीही सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर पोटात गेलं की धातूचे कण औषधाला धरून बसतात आणि ते रक्तात पुरेसं जात नाही. गोळी गिळली, कोर्स पूर्ण केला, आणि जंतूंपर्यंत पोचलं अपुरंच. गोळी या पदार्थांच्या दोन तास आधी किंवा त्यांच्यानंतर सहा तासांनी घ्यायची. मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू असेल तर या गटातल्या गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप आला तर लगेच साखर तपासा. स्नायू सैल करणारी टिझानिडिन तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर घ्यायचीच नाही. आणि कोर्स चालू असताना टाचेच्या वरच्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधात दुखू लागलं, तर चालणं-पळणं थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लेप्टोसाठी (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी) डॉक्सिसायक्लिन भरपूर जाते. शेतातल्या आणि तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर ती दिली जाते, पण कोणाला आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं. या कॅप्सूलची खरी खोड वेगळी आहे. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि आतून जखम करते. मध्यरात्री छातीत आग होऊन माणूस उठतो, पाणीसुद्धा गिळवत नाही, आणि हार्ट अटॅकची भीती वाटते. म्हणून पेलाभर पाणी, बसून किंवा उभं राहून, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रीची गोळी झोपताना नको, जेवणाबरोबर घ्या. ऊनही या औषधाला सोसत नाही, कातडी भाजते. लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध इथेही दोन-तीन तास दूर ठेवायचं.

जुलाबाच्या आणि दाढेच्या चिठ्ठ्यांवर मेट्रोनिडाझोल असते. तिचं पथ्य एकच आणि कडक: कोर्समध्ये आणि संपल्यावर पुढचे दोन-तीन दिवस दारूचा थेंब नाही. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेही बघून घ्या. तोंडाला धातूची चव आणि लघवीला गडद रंग येतो, त्याने घाबरायचं कारण नाही.

परत मुलाकडे येऊ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शी पातळ होते, हे या औषधाने पुष्कळदा होतं. ओआरएस, भाताची पेज, आणि डायपरच्या जागी कोरडेपणा. जुलाब बंद करणारी गोळी मनाने द्यायची नाही. दिवसातून अनेकदा पाण्यासारखी शी होत असेल, रक्त पडत असेल, मूल मलूल झालं असेल, तर डॉक्टरांकडे जा. असे जुलाब कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात, तेव्हा "मागे अँटिबायोटिक झालं होतं" हे सांगायला विसरू नका.

पुरळाचं जरा सविस्तर सांगतो. औषध घेतल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात खाजणाऱ्या गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वासात घरघर आली, मूल निपचित पडलं, तर पुढचा डोस नाही, कोणाला विचारत बसायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि औषधाची बाटली सोबत घ्या. पाचव्या-सहाव्या दिवशी छाती-पाठीवर बारीक लाल पुरळ आलं, मूल खेळतंय, तर बरेचदा ते विषाणूचं असतं. तरीही पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना दाखवायचं. पुरळ दवाखान्यात पोचेपर्यंत फिकं पडतं, म्हणून उजेडात फोटो काढून ठेवा. पुरळाबरोबर तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या किंवा फोड आले, तर ते तातडीचं आहे. मोठ्या माणसांत, विशेषतः वयस्क पुरुषांत, या औषधाने कावीळ होऊ शकते, आणि ती कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसते. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज असेल तर अंगावर काढू नका.

चौथा दिवस हा खरा कसोटीचा. ताप गेलेला असतो, मूल खेळत असतं, औषधाच्या वेळी तोंड फिरवतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "बरं वाटतंय ना, कशाला उगाच हेवी औषध?" ताप उतरला म्हणजे जंतू कमी झाले, संपले असं नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेने जंतू पेनिसिलिनला सरावतील. हल्ली काही आजारांत कोर्स पूर्वीपेक्षा छोटे केले जातात, हेही खरं. पण किती दिवस पुरेत हे तपासून डॉक्टरांनी सांगायचं. त्यांना फोन करा, पाच दिवसांवर थांबा म्हणाले तर थांबा. पूर्ण दोन-तीन दिवस औषध जाऊनही ताप तसाच असेल, कानामागे सूज आली असेल, तर सातव्या दिवसाची वाट बघायची नाही.

८४ मिली गेले, तिसऱ्या बाटलीत ६ मिली उरले. हे उरलेलं फ्रीजमध्ये राहतं आणि पुढच्या महिन्यात सर्दी झाली की कोणीतरी ते काढतं. सर्दी विषाणूची, तिच्यावर हे औषध चालत नाही, आणि सात दिवसांनंतर ते औषधही उरलेलं नसतं. बेसिनमध्येही ओतू नका, तिथून ते गटारात जाऊन तिथल्या जंतूंना सराव देतं. वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या. बाटलीवरचं लेबल फाडून टाका. सिरिंज धुऊन पुन्हा वापरायला ठेवू नका, तिच्यावरचे आकडे पुसट झालेले असतात.